शत्रूच्या तंबूतलं जेवण

गाडा जुंपायला उशीर होतोय म्हणून म्हातारा प्रायम आपल्या मुलांवर खेकसतो. एरवी ट्रॉयचा राजा, या घटकेला नुसता बाप. हेक्टर मारला गेलाय. त्याचं प्रेत शत्रूच्या छावणीत पडलंय. ते सोडवायला सोनं आणि उंची वस्त्रं घेऊन हा निघालाय. अंगणात नऊ मुलगे उभे आहेत. त्यांना तो म्हणतो, हेक्टरच्या ऐवजी तुम्ही सगळे मेला असतात तर बरं झालं असतं. जे कामाचे होते ते गेले आणि मागे कोण राहिलं, तर खोटारडे, नाचे, आपल्याच लोकांची शेरडं-करडं पळवणारे.

मुलं उलट एक अक्षर बोलत नाहीत. बापाच्या ओरडण्याला भिऊन गाडा बाहेर काढतात. मग होमर काय करतो, तर गाडा कसा जुंपला त्याचं बारीक वर्णन करत बसतो. गाड्यावर वेताची पेटी बांधली, खुंटीवरून जू काढलं, नऊ हात लांबीचा पट्टा आणला, तो तीन तीन वेढे देऊन आवळला. पहिल्यांदा वाचताना मला हे कंटाळवाणं वाटलं होतं. आता वाटतं, त्या नऊजणांच्या हातांना कवीनं काहीतरी काम दिलं. असं ऐकून घेतल्यावर माणसानं हातांचं करायचं तरी काय?

‘इलियड’च्या चोविसाव्या, म्हणजे शेवटच्या सर्गातला हा प्रसंग. प्रायम आणि हेक्टरला मारणारा ग्रीक योद्धा अकिलीस यांची भेट सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या आधीचं हे अंगण मात्र मी ज्या ज्या संक्षिप्त आवृत्त्या वाचल्या त्यांत बहुतेक गाळलेलं होतं. गाळणाऱ्यांचं मी समजू शकतो. दुःखात बुडालेला बाप थोर दिसावा असंच आपल्याला वाटतं. तो क्षुद्र होतो, उरलेल्या लेकरांना मेलेल्याच्या मापानं मोजतो, हे कशाला सांगा?

आमच्या घरी दादा गेल्यावर अण्णा असं काही बोलले नाहीत. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झालेला माणूस, आवाज चढवायची सवयच नव्हती. ते एवढंच म्हणायचे, “तो असता तर...” आणि वाक्य तिथंच सोडायचे. नळाचा वॉशर मी उलटा बसवला की, बँकेचा फॉर्म भरताना माझी खाडाखोड झाली की, गॅलरीत कपडे वाळत घालताना उगाचच. पुढचं वाक्य मला मनातल्या मनात पुरं करावं लागायचं. ट्रॉयच्या त्या नऊ मुलांना निदान सगळं वाक्य तरी ऐकायला मिळालं.

प्रायमचं तोवर काय झालं होतं तेही सांगायला हवं. हेक्टरला मारून अकिलीसचं समाधान झालं नव्हतं. आपला जिवलग पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मेला, याचा राग त्याला प्रेतावर काढायचा होता. रोज पहाटे तो ते प्रेत रथाला बांधून पॅट्रोक्लसच्या समाधीभोवती तीन फेऱ्या फरफटत न्यायचा, मग धुळीत पालथं टाकून द्यायचा. इकडे प्रायम वाड्याच्या चौकात शेणात लोळत होता, मूठमूठ शेण स्वतःच्या डोक्यावर ओढून घेत होता. अन्न नाही, झोप नाही. त्याची बायको हेक्यूबा म्हणत होती की त्या अकिलीसचं काळीज मला दातांनी फाडून खाता आलं तर बरं. अकराव्या-बाराव्या दिवशी देवांनाच हे बघवेना. त्यांनी दोन्हीकडे निरोप धाडले, एकाला सांगितलं सोड, दुसऱ्याला सांगितलं जा.

पन्नास मुलगे होते या प्रायमला. त्यातले एकोणीस एकाच आईचे. ही संख्या ऐकली की मराठी वाचकाच्या मनात लगेच दुसरा म्हातारा येतो, शंभरांचा बाप. युद्ध संपल्यावर पांडव भेटायला येतात तेव्हा धृतराष्ट्र भीमाला जवळ बोलावतो, मिठी मारायला. शंभरच्या शंभर पोरं या एकाच माणसानं मारलेली. कृष्ण भीमाला बाजूला सारून लोखंडाचा पुतळा पुढे करतो आणि आंधळा बाप तो पुतळा छातीशी धरून चुरगाळून टाकतो. त्याच्याच छातीतून, तोंडातून रक्त येतं. मग तो रडतो, अरेरे, मी भीमाला मारलं म्हणून. त्या रडण्यात किती खरं होतं यावर आमच्याकडे गणपतीत एकदा रात्रभर वाद झाला होता. माझं मत तेव्हाही हेच होतं की सगळं खरं होतं, मारणंही आणि रडणंही.

प्रायमनंही मुलाला मारणाऱ्या माणसाला हात लावला. तो कुणाच्या नकळत तंबूत शिरला, अकिलीसचे गुडघे धरले आणि त्याचे हात ओठांना लावले. होमर त्या हातांना विशेषण देतो, भयंकर, माणसं मारणारे, याची कितीतरी मुलं ज्यांनी मारली ते हात. धृतराष्ट्राच्या मिठीइतकंच हे चुंबनही मला अवघड वाटतं. प्रायम क्षमा वगैरे करत नाही, लक्षात घ्या. त्याला प्रेत हवंय. पृथ्वीवर कुठल्याही माणसानं सोसलं नाही ते मी सोसलं, माझ्या मुलाला मारणाऱ्याचा हात मी तोंडाशी नेला, असं तो स्वतःच म्हणतो. आपण काय करतोय याची त्याला लख्ख जाणीव आहे.

या एका सर्गावर ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड मलूफनं २००९ साली ‘रॅन्सम’ नावाची लहानशी कादंबरी लिहिली. मलूफ ब्रिस्बेनचा. १९४३ मध्ये तो प्राथमिक शाळेत असताना एका पावसाळी दुपारी बाईंनी वर्गात ट्रॉयची गोष्ट वाचून दाखवली आणि ती अर्ध्यावर असतानाच शाळा सुटली. ब्रिस्बेन तेव्हा पॅसिफिकमधल्या युद्धाचं ठाणं झालेलं, अमेरिकन सेनापती मॅकआर्थरचं मुख्यालय तिथंच होतं. वेढा पडलेल्या शहराची गोष्ट त्या पोराला परकी वाटली नसणार. पुढे साठेक वर्षांनी त्यानं ती आपल्या परीनं पुरी केली.

त्यानं केलेला मुख्य बदल गाडीवानाचा. होमरकडे प्रायम स्वतःच्या रथात असतो आणि पुढे खेचरांचा गाडा राजाचा भालदार इडिअस हाकतो. मलूफचा प्रायम रथ नको म्हणतो, राजचिन्हं नको म्हणतो, साधे पांढरे कपडे घालून खेचरांच्या गाड्यावर गाडीवानाशेजारी बसतो. आणि गाडीवान बाजारातून भाड्यानं आणलेला. त्याचं नाव सोमॅक्स, पण राजाच्या भालदाराला इडिअस म्हणायची रीत, म्हणून यालाही इडिअस म्हणणार. गरीब माणसाचं नाव बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मलूफनं जाता जाता छान टिपलंय.

वाटेत ओढा लागतो. सोमॅक्स राजाला सांगतो, पाय पाण्यात सोडून बसा, बरं वाटेल. राजा बसतो. बारके मासे पायाशी येतात. सोमॅक्सनं सुनेच्या हातच्या छोट्या धिरड्यांसारख्या चकत्या बरोबर आणल्यात. त्या कशा करतात, पीठ किती सैल लागतं, हे तो राजाला सांगत बसतो. खाणं कुणीतरी रांधतं म्हणून ताटात येतं, याचा प्रायमनं जन्मात कधी विचार केलेला नसतो. मग गाडीवान आपल्या मुलांबद्दल बोलायला लागतो. त्याचेही मुलगे गेलेत. एक नदीच्या उतारात वाहून गेला आणि त्यात या गाड्याला जुंपलेल्या लाडक्या खेचरीचाच पाय घसरला होता. तिला बुकलून काढावं असं सोमॅक्सला वाटलं होतं. शेवटी तो तिच्याच गळ्यात पडून रडला.

हे ऐकताना राजाला उमगतं की हा माणूस ‘माझा पोरगा’ म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे एक नेमका पोरगा उभा असतो. त्याचा आवाज, त्याची अंगकाठी, त्याचा हट्ट. राजाचे पन्नास मुलगे म्हणजे राज्याचा ऐवज. त्यांच्या जन्माचे सोहळे झाले, मृत्यूचे झाले. कुणाला ताप आला म्हणून बाप रात्रभर उशाशी बसला, असं काही नाही. हेक्टरचं दुःख खरं आहे, पण हेक्टर कसा होता हे सांगायला गेलं तर राजापाशी फार थोडं आहे.

मला या कादंबरीतला अकिलीस तितकासा जमलेला वाटत नाही. सुरुवातीची समुद्रकाठची पानं सुंदर आहेत, पण जरा जास्तच सुंदर. गाडीवान मात्र डोक्यातून जात नाही, आणि त्याला कारण अण्णा. दादाबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. आईशी नाही, माझ्याशी नाही, मावशीकाका सांत्वनाला यायचे त्यांच्याशी तर नाहीच. एकदा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. रिक्षावाल्यानं सहज विचारलं, मुलं किती? अण्णा म्हणाले, दोन. आणि बोलायला लागले. थोरल्याला पोहायला विहिरीत कसं ढकललं, दहावीला गणितात पैकीच्या पैकी पडले तरी पेढे वाटू नका म्हणून तो कसा अडून बसला, त्याला वांग्याची भाजी कशी आवडायची नाही. स्टेशनपासून सिव्हिलपर्यंत ते बोलत होते. मी मागे त्यांच्या शेजारीच बसलो होतो. दादा पेढ्यांवरून अडून बसला होता हे मला माहीतच नव्हतं. रिक्षावाला अधूनमधून आरशात बघून “हां काका” म्हणत होता. उतरल्यावर अण्णांनी त्याला सुट्टे दिले आणि डॉक्टरांची फाइल माझ्याकडून घेतली. विषय संपला.

राजाला गाडीवान का लागला, हे मला त्यानंतर कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तर तंबू. प्रायमचं मागणं एका वाक्यात आहे, तुझ्या बापाला आठव. अकिलीसचा बाप पेलिअस दूर गावी एकटा, म्हातारा, एकुलत्या एका मुलाची वाट बघतोय. आणि अकिलीसला पक्कं ठाऊक आहे की आपण परत जाणार नाही, हेक्टरपाठोपाठ आपलाही नंबर आहे. म्हणजे समोर गुडघे धरून बसलेला हा म्हातारा म्हणजे उद्याचा पेलिअसच. (मलूफकडे तर अकिलीस पहिल्या क्षणी प्रायमला आपला बापच समजतो.) दोघं रडतात. होमर इथं फार प्रामाणिक आहे. दोघं एका तंबूत रडतात पण एकाच माणसासाठी नाही. प्रायम हेक्टरसाठी रडतो, अकिलीस कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. एकमेकांचं दुःख त्यांनी वाटून घेतलं असं कवी कुठंही म्हणत नाही. रडण्याचा आवाज घरभर भरला, एवढंच म्हणतो.

रडून झाल्यावरही सगळं सुरळीत नाही. अकिलीस म्हणतो, बस. प्रायम म्हणतो, माझा हेक्टर तसाच पडलाय तोवर मी बसणार नाही. एवढ्यावर अकिलीसचं डोकं फिरतं. म्हाताऱ्या, मला चिडवू नकोस, नाहीतर तू शरण आलेला आहेस हेसुद्धा मी विसरेन. मग तो बाहेर जातो आणि दासींना प्रेत धुवायला सांगतो, पण बापाच्या नजरेआड. का, तर मुलाला पाहून म्हाताऱ्याचा संताप उसळला, तर आपलाही तोल जाईल आणि आपण त्याला मारून बसू. स्वतःच्या रागाचं इतकं नेमकं माप असलेला अकिलीस आधीच्या तेवीस सर्गांत मला तरी कुठं दिसला नाही. खंडणीत आलेल्या वस्त्रांतली काही तो प्रेत गुंडाळायला मागे ठेवतो, आणि धुतलेला हेक्टर स्वतःच्या हातांनी उचलून तिरडीवर ठेवतो.

त्यानंतर तो म्हणतो, आता जेवून घेऊ. ग्रीक पुराणातल्या निओबीची सहा मुलं आणि सहा मुली एका दिवसात मेल्या, पण रडून रडून थकल्यावर तीसुद्धा जेवली. मेंढी कापली जाते, भाजली जाते, पाव येतो. हेक्टर मेल्यापासून प्रायमनं घशाखाली काही घातलेलं नसतं. इथं मला हटकून आमच्याकडचा कडू घास आठवतो. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे, भाऊबंद पिठलं-भात घेऊन येतात आणि समोर बसून दोन घास खायलाच लावतात. दादा गेला त्या रात्री शेजारच्या काकूंनी आणलेलं पिठलं मी चांगलं दोनदा वाढून घेतलं होतं. भूक लागली होती. शोकातल्या माणसाला भूक लागते, हे लिहायला होमरला अवघड वाटलं नाही. फरक एवढाच की प्रायमला हा घास भरवणारा भाऊबंद नाही, ज्यानं मारलं तोच आहे.

या तंबूत पुढेही पुष्कळ लोक डोकावून गेले. बेलफास्टचा कवी मायकेल लाँग्ली यानं यावर चौदा ओळींची कविता लिहिली. उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीनं ३१ ऑगस्ट १९९४ ला शस्त्रसंधी जाहीर केली आणि त्याच आठवड्यात ती ‘आयरिश टाइम्स’मध्ये छापून आली. शीर्षक ‘शस्त्रसंधी’. कवितेत आयर्लंडचा उल्लेखही नाही, सगळं ट्रॉयचं. पण लाँग्लीनं एक मोठी उलथापालथ केली. होमरकडे हाताचं चुंबन आधी येतं, मग बोलणं, मग रडणं, मग जेवण. लाँग्लीनं चुंबन उचलून शेवटच्या दोन ओळींत नेलं. जेवणं झाली, दोघांनी एकमेकांकडे कौतुकानं पाहून घेतलं, आणि मग प्रायम सांगतो की जे करणं भाग आहे ते मी करतो, तो हात चुंबतो. कविता तिथं थांबते.

कवी म्हणून त्याचं बरोबरच आहे. त्या आठवड्यात त्या बेटावर लोकांना शेवटी यायला तेच हवं होतं. तरी मला होमरचा क्रम जास्त खरा वाटतो. चुंबन शेवटी आलं की ते समेटाचं फळ होतं. आधी आलं की त्याच्या बदल्यात काय मिळणार हे ठाऊक नसतं, कदाचित मान उडेल. ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही तो आधी वाकतो.

आयर्लंडमध्येच असा एक बाप होता. गॉर्डन विल्सन, एनिस्किलनमधला कापड दुकानदार. ८ नोव्हेंबर १९८७ ला युद्धात मेलेल्यांच्या स्मृतिदिनी तिथं रिपब्लिकन आर्मीचा बॉम्ब फुटला. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या गॉर्डननी शेजारी अडकलेल्या मुलीचा हात धरून ठेवला होता. मारी वीस वर्षांची, नर्स. ती गेली. काही तासांतच बीबीसीशी बोलताना ते म्हणाले, माझ्या मनात कुणाबद्दल वैर नाही. जगभर ते ऐकलं गेलं. काहींना ते संतासारखे वाटले, काहींना राग आला, तुम्ही कोण परस्पर माफ करणारे म्हणून. १९९३ मध्ये ते खरोखरच रिपब्लिकन आर्मीच्या माणसांना भेटायला गेले, हे थांबवा म्हणून विनवायला. हाती काही लागलं नाही, तसेच परत आले. प्रायमच्या गाड्यात परतीला हेक्टर तरी होता.

होमरच्या तंबूतही शांतता कायमची नाही. झोपण्याआधी अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत तेवढं सांग, तेवढे दिवस मी सैन्य आवरून धरतो. प्रायम हिशेब सांगतो. लाकडं डोंगरावरून आणायची आहेत, रस्ता लांबचा. नऊ दिवस घरात शोक करू, दहाव्याला अग्नी देऊ आणि लोकांना जेवू घालू, अकराव्याला माती लोटून समाधी उभारू, आणि बाराव्याला लढू, लढायचंच असेल तर. दहावा, अकरावा, बारावा! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक घेऊन सरळ आईकडे गेलो होतो. ती म्हणाली, मग, सगळीकडे तेच असणार. अकिलीस बरं म्हणतो आणि म्हाताऱ्याला भीती वाटू नये म्हणून त्याचं मनगट हातात धरतो. हात तोच. पुढे ट्रॉय पडतं तेव्हा याच अकिलीसचा मुलगा प्रायमला देवाच्या वेदीपाशी मारतो. ‘इलियड’ तिथवर जात नाही, पण ऐकणाऱ्या प्रत्येक ग्रीकाला ते ठाऊक होतं.

मागच्या उन्हाळ्यात वीज गेली होती तेव्हा मी अण्णांना ही सगळी गोष्ट सांगितली. दादाला उडवणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर कोर्टाच्या तारखांना यायचा. व्हरांड्यात एकच बाक. अण्णा आणि तो एकाच बाकावर दोन टोकांना बसून पुकारा व्हायची वाट बघायचे. माझ्यापेक्षा लहान होता तो. डब्यातली पोळी खाताना भिंतीकडे तोंड करायचा. गोष्ट सांगताना आमच्या दोघांच्याही डोक्यात तोच असणार, पण त्याचं नाव कुणी काढलं नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. जेवणापाशी मी आलो तेव्हा म्हणाले, “मी नसतो जेवलो.”

“तो पण आधी नकोच म्हणत होता.”

“नकोच म्हणायला पाहिजे होतं. पोरगं घ्यायचं आणि निघायचं.” पंखा नव्हता म्हणून वर्तमानपत्राची घडी करून ते वारा घेत होते. “आणि तो गाडीवाला? तो कुठं होता एवढा वेळ?”

गाडीवाला बाहेरच्या बाजूला, खेचरांपाशी, असं मी सांगितलं. आणि पुढे म्हातारपणी तो ही गोष्ट भेटेल त्याला सांगायचा, पण लोकांना वाटायचं हा थापा मारतोय, राजा कशाला याच्या गाड्यावर बसतोय.

“त्याला विचारायला पाहिजे होतं जेवायला,” अण्णा म्हणाले. “सकाळपासून गाडा हाकून आला होता तो.”